होंगांचा लॅपटॉप, लियाओंची गाडी

पाटीवर माझं आडनाव होतं, म्हणून मी त्या दुकानात शिरले. नाहीतर कीलुंगच्या बंदरामागच्या गल्ल्यांमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त करणारे काय कमी आहेत! पण 'होंग कॉम्प्युटर' वाचलं आणि वाटलं, चला, आपल्या भावकीतला माणूस आहे, निदान टोपी तरी घालणार नाही. लॅपटॉप रेनकोटच्या आत पोटाशी धरलेला, केसांतून पाणी गळतंय, चपला फचफच करतायत... आमच्या गावात पाऊस पाहुणा नाही, घरचाच आहे. तरी मी छत्री विसरते.

आत एक मुलगा स्टुलावर बसून सूप पीत होता. सुतार पेन्सिल खोचतो तसा कानावर स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला.

"दादा," मी लॅपटॉप त्याच्या वाडग्याशेजारी ठेवला, "हा माझी मेमरी खातोय."

त्याने वर पाहिलं. "दादा?"

"मग काय म्हणू? मीपण होंगच. होंग यू-छिंग. भावकीतली आहे, तेव्हा नीट बघा."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं – आणि घास गिळून म्हणाला, "बसा."

त्याचं नाव जे-रुई. हे मी विचारलं नाही, त्याच्या चहाच्या मगवर लिहिलं होतं. लॅपटॉप सुरू करून तो पडद्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्याकडे. काम करताना त्याच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची आणि अडचण सापडली की ती पुसल्यासारखी जायची. मला उगाचच ती पुन्हा पडावीशी वाटली.

"सोळा जीबी बसवलीये," तो म्हणाला, "पण वापरता येतेय फक्त आठ. बाकीची आठ, हे बघा, हार्डवेअरसाठी राखीव."

"राखीव? कुणासाठी? मी तर कुणाला दिली नाही!"

तो हसला. मग कुठलीशी खिडकी उघडली, तिच्यातून आणखी एक, तिच्यातून आणखी एक. शेवटच्या खिडकीत 'जास्तीत जास्त मेमरी' असं लिहिलेलं आणि त्यापुढे चौकटीत बरोबरची खूण.

"ही खूण कुणी केली?"

माझे कान तापले. "मीच... मागे. कुठेतरी वाचलं होतं की ती केली की सगळी मेमरी मिळते."

"उलटं आहे. तेव्हा यात आठच होती ना? तुम्ही त्याला बजावून ठेवलंत – आठच्या वर जायचं नाही. नंतर दुसरी पट्टी आणून बसवली, पण बिचारा अजून तुमचा शब्द पाळतोय."

"म्हणजे चोर मीच?"

"चोर नाही. कडक मालकीण."

त्याने खूण काढली, लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. राखीव मेमरी आठवरून दोनवर आली. मी टाळीच वाजवली.

"थांबा, ही दोन अजून आहे," तो म्हणाला. "पडद्यावर चित्र दाखवायला थोडी बाजूला ठेवावीच लागते, पण दोन म्हणजे फार झाली. किती कमी करायची ते तुमचा पडदा बघून ठरवू. केवढा आहे?"

"ट्रकएवढा," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. सातव्या महिन्यात आमच्या गावात पितरांसाठी आणि वाट चुकलेल्या जिवांसाठी समुद्रापर्यंत दिव्यांची मिरवणूक निघते, आणि तिच्यात एकेका आडनावाची एकेक गाडी असते. फार पूर्वी इथे आडनावांवरून डोकी फुटायची. मग कुणा शहाण्याने सांगितलं, डोकी फोडण्यापेक्षा दिवे लावा, बघू कुणाचे चांगले. तेव्हापासून आम्ही दिवे लावतो, पण ईर्ष्या तीच. गेल्या वर्षी ऐन परीक्षकांच्या मंचासमोर होंगांच्या गाडीचा पडदा काळा झाला होता आणि मागच्या गाडीवर लियाओंनी टाळ्या पिटल्या होत्या! भावकीतले वडीलधारे, आमचे तिसरे आजोबा, यंदा तैपेईची कंपनी बोलावणार होते. मी भर सभेत उभी राहिले आणि म्हणाले, मी करते. सगळी चित्रं, सगळे दिवे, माझ्या लॅपटॉपवरून.

"कर," आजोबा म्हणाले होते. "पण अंधार झाला, तर यापुढे भावकीचं कुठलंही काम पोरींच्या हातात नाही."

माझ्या मागे चुलत बहिणींची रांग होती. त्या सगळ्यांच्या नजरा मला पाठीवर जाणवल्या. त्यामुळे आता माघार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जे-रुई आमच्या भावकीच्या सभागृहात आला. तिसऱ्या आजोबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"कोण हा?"

"आपलाच आहे, आजोबा. बंदरामागचं होंगांचं दुकान, तिथला."

"नाव काय रे?"

"जे-रुई. पण आजोबा, मी खरं तर –"

"रुई..." आजोबांनी डोळे मिटून बोटांवर पिढ्या मोजल्या. आमच्यात एका पिढीच्या सगळ्यांच्या नावात एकच अक्षर असतं, त्यावरून नातं लावतात. "दक्षिणेकडच्या शाखेतला दिसतोस. तिकडे 'रुई' माझ्या मुलांच्या पिढीला आहे. मग मला आजोबा काय म्हणतोस? काका म्हण! आणि यू-छिंग, हा तुझा दादा नव्हे. हा तुझा काका."

"काका?" मी किंचाळले.

"मान देऊन बोल."

जे-रुईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आजोबांनी त्याला भावकीचं जांभळं जाकीट दिलं, आपल्या शेजारी बसवलं, आणि चहा मला आणायला लावला.

"घ्या, काका," मी दात-ओठ खात कप पुढे केला.

"आयुष्मती भव, पुतणीबाई," तो कपात बघत पुटपुटला.

त्यानंतर तो रोज दुकान लवकर बंद करून येऊ लागला. आम्ही ट्रकवर ताडपत्रीखाली बसायचो. तो तारा ओढायचा, मी चित्रं चालवून बघायची. राखीव मेमरी त्याने आणखी कमी केली, मग पडदा अडखळला, मग थोडी परत दिली. असं करत करत नेमका ताळमेळ जमला. एकदा अंधारून आलं तेव्हा त्याने विजेरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "इकडे धर." मी धरली, पण तारांवर नाही, त्याच्या चेहऱ्यावर.

"काय बघतेस?"

"आठी. आज दिसत नाहीये."

"अडचण असली की पडते."

"मग आज अडचण नाही?"

"आहे," तो हळूच म्हणाला. "फार मोठी आहे... पण वायरिंगमधली नाही."

मी विजेरी बंद केली. 

कधी तो शेंगदाणे घातलेला किसलेला बर्फ आणायचा. एकच वाटी, दोन चमचे.

"काका, तुमचा चमचा माझ्या हद्दीत आलाय."

"वडीलधाऱ्यांना हद्द नसते."

"वडीलधारे पुतणीचा बर्फ चोरत नाहीत!"

मग आम्ही दोघं हसायचो, आणि हसता हसता एकदम गप्प व्हायचो. ते गप्प होणं मला सोसवेना. आमच्याकडे एक आडनाव म्हणजे एक रक्त. कायदा काही म्हणो, एकाच आडनावात सोयरीक झालेली आमच्या भावकीने ऐकलेली नाही. त्यात हा वरच्या पिढीतला! मी घरी आईला आडून आडून विचारलं, समजा एखाद्या होंग मुलीला होंग मुलगा आवडला, तर? आईने हातातली पळी खाली ठेवली.

"कोण गं?"

"समजा म्हटलं ना."

"समजायचंसुद्धा नाही," आई म्हणाली आणि भात वाढायला लागली. पण तिने माझ्या ताटात नेहमीपेक्षा जास्त मासे वाढले, त्यावरून तिला सगळं कळलंय हे मला कळलं.

मी रडले. खूप रडले, उशी ओली झाली. मग चिडले. मी मन मारून जगणारी नाही. जे करायचं ते तोंडावर सांगून करायचं, हा माझा स्वभाव. तो भावकीला माहीत आहे आणि भावकीने त्याची किंमतही मोजली आहे. मिरवणुकीच्या आदल्या दुपारी मी ठरवलं, आज बोलायचं.

ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. जे-रुई पडद्याची शेवटची तार बांधत होता.

"जे-रुई."

पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं मी. त्याच्या हातातली तार सुटली.

"मला तू आवडतोस. काका म्हणून नाही, दादा म्हणूनही नाही. मी तिसऱ्या आजोबांना सांगणार आहे. मिरवणूक झाली की सांगणार. त्यांनी भावकीतून काढलं तर काढू देत. पूर्वजांची नावं कोरलेल्या फळीसमोर मला उभी राहू देणार नाहीत, नको देऊ देत. मी घरी उदबत्ती लावीन. फक्त... तुझं काय ते मला कळू दे."

तो पांढराफटक पडला. इतका, की मला वाटलं, संपलं सगळं.

"यू-छिंग, मी होंग नाही."

"काय?"

"पाटी जुन्या मालकाची आहे. म्हातारे होंग मुलाकडे राहायला गेले, दुकान मी घेतलं. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून पाटी तशीच ठेवली. मी... लियाओ."

पावसाचा आवाज एकदम मोठा झाला. लियाओ! आमच्या मागच्या गाडीवरचे, टाळ्या पिटणारे!

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो," तो घाईघाईने म्हणाला. "तू दादा म्हणालीस आणि घास घशात अडकला. म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तुझ्या आजोबांनी जाकीट घातलं अंगावर. लियाओ म्हटलं असतं तर तिथल्या तिथे हाकललं असतं, आणि मग... मग तुला कसं भेटणार होतो? मला रोज यायचं होतं गं. दादा, काका, काहीही म्हणवून घेऊन यायचं होतं."

"आणि मी?" माझा आवाज चिरकला. "मी रक्ताच्या नात्याच्या माणसाला जीव लावला म्हणून स्वतःला शिव्या घालत होते! रोज! आणि तू माझ्यासमोर बसून बर्फ खात होतास?"

"चुकलं माझं."

"चुकलंच. आत्ता चल."

"कुठे?"

"आजोबांकडे. तू सांगायचं. तुझ्या तोंडाने, सगळ्यांसमोर."

"ते मला बाहेर काढतील. उद्या गाडीवरचे दिवे कोण सांभाळणार?"

"मी. तू शिकवलंयस ना? का तेही खोटं होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग जाकीट काढलं, नीट घडी घातली आणि माझ्या आधी ट्रकवरून खाली उतरला. तेव्हाच खरं तर माझा निम्मा राग गेला, पण मी तसं दाखवलं नाही.

सभागृहात त्याने घडी केलेलं जाकीट आजोबांच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. एकच गलका झाला. लियाओंचा हेर! गाडीच्या तारा न् तारा याला ठाऊक! कुणी म्हणालं, गाडी पुन्हा सगळी उसवा. मी लॅपटॉप टेबलावर आपटून उघडला.

"कुणाला काय शंका आहे ती विचारा. एकेक तार मला माहीत आहे. मेमरी किती, राखीव किती, का ठेवली, सगळं सांगते. याने नाव लपवलं, काम नाही बिघडवलं."

आजोबांनी जाकीट बाजूला सारलं. मग त्याच्याकडे न बघता दाराकडे बोट केलं.

मी दारापर्यंत गेले. तो पायरीवर थांबला. "रागावलीस?"

"हो. खूप."

"आणि ते... मघाशी जे म्हणालीस..."

"तेही तसंच आहे. त्यात काही कमी झालेलं नाही. आता जा, तुझ्या गाडीवर तुझी वाट बघत असतील."

मिरवणुकीच्या संध्याकाळी पाऊस धरूनच होता. गाडीवर मी एकटी, लॅपटॉपवर प्लास्टिक, वर काकूने बांधलेला हिरव्या पुड्यातला कुरकुरीत खाऊ – यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात तो. मंच जवळ आला तसं मी बटण दाबलं. एकेक दिवा लागत गेला. पडद्यावर आमच्या पूर्वजांची होडी लाटांवर चढली, उतरली, पुन्हा चढली. कुठेही अडखळली नाही. शेवटी होडीतून शेकडो कंदील पाण्यावर उतरले तेव्हा रस्त्यावरच्या माणसांतून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. माझ्या चुलत बहिणी गाडीच्या मागे नाचत होत्या. तिसरे आजोबा पुढे ताठ उभे होते आणि रुमालाने चष्मा पुसत होते. पावसामुळे पुसत होते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

मग मी मागे वळून बघितलं.

लियाओंच्या गाडीवर अंधार होता. ताडपत्री फाटली होती, पाणी थेट त्यांच्या लॅपटॉपवर गेलं होतं. जे-रुई गुडघ्यांवर बसून तो उलटा करून झटकत होता. त्याच्या भोवती त्याची भावकी ओरडत होती. मी त्यांच्या आवाजातून एक वाक्य स्पष्ट ऐकलं – होंगांची गाडी उजळायला गेला, आपली बुडवली!

आमच्या गाडीवरून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मी तारा काढल्या. लॅपटॉप रेनकोटच्या आत पोटाशी धरला आणि गाडीवरून उडी मारली.

"यू-छिंग! कुठे चाललीस?" काकू ओरडली. मी थांबले नाही. जांभळं जाकीट घालून, सगळ्या गावासमोर, दोन गाड्यांमधलं ते ओलं अंतर मी चालत गेले. इतकी शांतता झाली की ढोलवालेसुद्धा थांबले.

"हात दे," मी खालून म्हणाले.

जे-रुईने हात दिला. मी वर चढले.

"तुमचा कार्यक्रम कशात आहे?"

"पेनड्राइव्हमध्ये. पण यू-छिंग, तुझी भावकी –"

"आधी पेनड्राइव्ह."

त्यांची चित्रं आमच्याहून जड होती. पडदाही मोठा. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, आणि जे-रुईच्या कपाळावर आठी उमटली. "मेमरी पुरेल?" मी विचारलं. "राखीव थोडीशीच ठेवलीये," तो म्हणाला. "बाकी सगळी मोकळी आहे. पुरायला हवी." आम्ही दोघांनी एकाच वेळी बटणाकडे बोट नेलं, आणि पडदा उजळला. डोंगर, चहाचे मळे, डोक्यावर कंदील घेतलेल्या बायका. मेमरीचा आकडा चढत चढत वरच्या टोकाशी गेला आणि तिथे थांबला. चित्र थांबलं नाही.

"यू-छिंग!"

तिसरे आजोबा खाली उभे होते. छत्रीशिवाय. त्यांच्या मागे आमची सगळी भावकी.

"खाली उतर."

"नाही उतरणार, आजोबा."

"होंगांचा लॅपटॉप लियाओंच्या गाडीवर काय करतोय?"

"दिवे लावतोय. तुम्हीच सांगता ना, डोकी फोडू नका, दिवे लावा?"

"ते मला शिकवू नकोस. तू काय करतेयस तिथे?"

सगळं गाव ऐकत होतं. मला भीती वाटली, हे कबूल करते. पण भीती वाटली म्हणून मी कधी गप्प बसलेली नाही.

"माझा माणूस आहे इथे," मी म्हणाले.

जे-रुईने लॅपटॉपवरचे हात काढले. तो उठून उभा राहिला आणि त्याने आजोबांना कमरेत वाकून नमस्कार केला. लियाओंचे म्हातारे प्रमुख गाडीच्या कठड्याला धरून पुढे आले आणि तिसऱ्या आजोबांकडे बघत राहिले. दोघांची कित्येक वर्षांत बोलाचाल नव्हती.

"पोरगी चांगली आहे तुमची," लियाओंचे म्हातारे म्हणाले. "ठेवून घेऊ का?"

होंगांच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं. आजोबांनी मागे वळून बघितल्यावर ते हसू विरलं. मग आजोबांनी वर पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"सोयरिकीच्या गोष्टी सातव्या महिन्यात बोलत नाहीत," ते लियाओंच्या म्हाताऱ्यांना म्हणाले. "एवढंही कळत नाही तुम्हा लोकांना? महिना सरू द्या. मग या घरी, चहाला."

आणि ते वळून आपल्या गाडीकडे चालायला लागले. ढोल पुन्हा सुरू झाले.

जे-रुई अजून उभाच होता. मी त्याला बाही धरून खाली बसवलं.

"ते... हो म्हणाले?" त्याने विचारलं.

"चहाला या म्हणाले."

"म्हणजे हो?"

"म्हणजे चहा नीट प्यायचा, आणि आडनाव पहिल्या घोटाआधी सांगायचं."

तो हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. महिना सरायला अजून पंधरवडा होता. तेवढं थांबायची माझी तयारी होती, पण हात सोडायची नव्हती. मी त्याचा हात धरून तिथेच, लियाओंच्या गाडीवर, समुद्रापर्यंत गेले.